लिनक्स की लायनक्स

कॉफीच्या मशीनपुढे अण्णा आणि त्यांची एक सहकारी, अशी दोघं उभी होती. त्यांच्यामागे, रिकामा कप घेऊन, आजच रुजू झालेल्या नव्या मॅडम. त्यांना अजून कुणी चेहऱ्यानं ओळखत नव्हतं आणि गळ्यातलं ओळखपत्रही उलटं झालं होतं.

“अण्णा, आपल्या सर्व्हरवर जे चालतं ना, त्याला आजपासून लिनक्स म्हणायचं. लायनक्स नाही.”

“का बुवा? इतकी वर्षं लायनक्सच म्हणतोय की सगळे.”

“साहेब म्हणायचे म्हणून. साहेबांना काल घरी बसवलं. आता मीटिंगमध्ये जो लायनक्स म्हणेल तो त्यांचा माणूस, हे त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंना लगेच कळेल.”

“कळू दे.”

“नोकरीवर येईल, अण्णा.”

“साहेब यायच्या आधी तू लिनक्सच म्हणायचीस. मलाही तूच बदलायला लावलंस.”

“मग? तेव्हा वाचलात ना?”

“वाचलो. पण घरी पोरगी हसते मला. म्हणते, बाबा, लायनक्स काय? आता पुन्हा जीभ वळवायची?”

“हळू बोला.”

“आणि नव्या बाई लायनक्सवाल्या निघाल्या तर?”

“तर आपणही लायनक्स. त्या बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

मॅडमनी कप दुसऱ्या हातात घेतला. अण्णा मागे वळले.

“तुम्ही नवीन दिसता. तुम्ही काय म्हणता हो?”

मॅडमनी ओळखपत्र सुलटं केलं.

“आधी तुमचं कळू दे.”

अण्णांनी ते वाचलं.

“लायनक्स.”

“आणि तुम्ही?”

तिचं बोट बटणावरच राहिलं होतं. कॉफी कप भरून खाली सांडत होती.