नव्या फोनला जुनं कव्हर

...नाही, पण मला एक सांगा, वस्तू ‘बसली’ म्हणजे नेमकं काय झालं? आत गेली, एवढंच? अहो, आत तर बुटात खडासुद्धा जातो! म्हणून काय तो बसला म्हणायचा? पण हे आमच्या दादाला कोण सांगणार! दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, खाली दुकान, वर घर, आणि मी त्याच दुकानात गल्ल्यावर, त्यामुळे दिवसभर कानावर एकच वाक्य... ‘बसलं की नाही?’ गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचं, मान तिरकी करायची आणि, ‘बसलं की नाही?’ चष्मा घसरून मिशीवर आला तरी गिऱ्हाईक बिचारं म्हणतं, ‘बसला, बसला.’ आत्मविश्वासच असा की समोरच्याला वाटतं, आपलंच नाक चुकलं!

बरं, दुकानापुरतं असतं तर ठीक होतं. घरातही तेच! आमच्या न्हाणीघराला जे दार आहे ना, ते मुळात न्हाणीघराचं नाहीच. कुणाच्या तरी कपाटाचं आहे. स्वस्तात मिळालं म्हणून दादाने आणलं, तासलं, ठोकलं आणि विचारलं, ‘बसलं की नाही?’ बसलं ना! आता आम्ही सगळे पोट आत घेऊन आंघोळीला जातो, आणि पाहुणे आले की आंघोळ न करता परत जातात.

पण तुम्हाला सांगतो, दाराचं सोडा. फोनच्या वेळी जे झालं ना, ते मात्र वहिनीच्या जिवावर बेतलं. म्हणजे जिवावर नाही... आवाजावर. आणि वहिनीच्या बाबतीत ते एकच.

वहिनी माहितीये ना कोण? एसटी स्टँडवरची ती बाई! ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे...’ तीच ती! उभी हयात त्या काचेच्या खोलीत बसून तिने गाड्या लावल्या. गावात तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण ती भाजी घ्यायला गेली आणि ‘अर्धा किलो’ म्हणाली की शेजारचा माणूस दचकून पिशवी उचलायचा, गाडी सुटली की काय म्हणून! मग यंत्र आलं. रेकॉर्ड केलेला आवाज, थंडगार, ‘फ-लाट... क्र-मांक...’ असा तुटक बोलणारा. वहिनी निवृत्त झाली, घरी आली, आणि काय सांगू, गप्पच झाली हो! मोजकंच बोलायची. दादाला वाटलं, चला, घरात शांतता आली. मला वाटलं, काहीतरी बंद पडलंय.

आणि अशात एक दिवस तिला निरोप आला. मुलांसाठी ऐकायच्या गोष्टी तयार करणारी एक संस्था आहे, तिथल्या बाई लहानपणी आमच्याच स्टँडवरून शाळेला जायच्या. त्यांना तो आवाज आठवला! शोधत शोधत त्यांनी कळवलं की गोष्टीतला एक उतारा पाठवते, शुक्रवारी दुपारी फोन करते, फोनवरच वाचून दाखवा, आवडला तर पुढचं बोलू. उताऱ्याचा कागद आला आणि वहिनीने तो उभ्या उभ्याच वाचून काढला. गोष्ट कसली, तर देवमाशाचं पिल्लू खडकांच्या फटीत शिरून अडकतं आणि त्याची आई त्याला रागावते. बस्स! पण वहिनी चार दिवस भिंतीशी बोलत होती. इस्त्री करताना रागावायची, कपडे वाळत घालताना रागावायची. मी जिन्यातून वर येताना दोनदा ‘चुकलो’ म्हणालो.

आणि नेमका त्याच आठवड्यात फोन आला. म्हणजे नवा फोन! माझ्या पुतणीने आईसाठी पाठवला. जुना फोन ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा, फक्त पुढचं मॉडेल. सुंदर, निळा, गुळगुळीत. वहिनी म्हणाली, ‘अहो, येताना याला एक कव्हर आणा.’

आता यात अवघड काय आहे सांगा! माणूस दुकानात जातो, कव्हर मागतो, घेऊन येतो. पण दादा! दादाने कपाटातून जुन्या फोनचं कव्हर काढलं. तपकिरी, जाडजूड, एका कोपऱ्याला कुणीतरी चावल्यासारखं. ‘हे आहे की चांगलं! कंपनी तीच, उंची तीच. का नाही बसणार?’

मी म्हटलं, ‘दादा, निदान विचार तरी.’ गेलो दोघं समोरच्या मोबाइलवाल्याकडे. तो सज्जन माणूस, शांतपणे दोन्ही फोन शेजारी ठेवून म्हणाला, ‘काका, दिसायला सारखे आहेत, पण हा किंचित जाड आहे. बटणं बघा, खाली सरकलीत. कॅमेरा मोठा झालाय. खालची भोकं बघा, माइकचं भोक डावीकडे होतं ते उजवीकडे गेलंय. जुनं कव्हर नाही चालायचं याला.’

झालं! दादाचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या चष्म्यालाच कुणी नावं ठेवली. ‘किंचित? किंचित म्हणजे काय? अहो, किंचित हाच माझा धंदा आहे! केसाएवढी काच जास्त झाली तर मी घासून बसवतो, आणि तुम्ही मला किंचित सांगताय?’ तो म्हणाला, ‘काका, चष्म्याला बटणं नसतात.’ दादा म्हणाला, ‘चल रे!’ आणि आम्ही निघालो.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चष्म्याच्या दांड्या वाकवायला आमच्याकडे गरम वाळूचं भांडं असतं. त्यात दादाने ते कव्हर पुरलं! वास सुटला असा, की आत डोळे तपासायला बसलेली म्हातारी ‘अक्षर दिसत नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘काय जळतंय?’ म्हणाली. कव्हर मऊ झाल्यावर बाहेर काढलं, नव्या फोनवर चढवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, मग तळहाताने दाबलं, मग माझ्या तळहाताने दाबलं... कॅमेऱ्याजवळ अडलं. तर काच घासायच्या चाकावर धरून भोक मोठं केलं! खर्र-खर्र-खर्र! आणि बसलं हो. गार झाल्यावर जे आवळलं, जे आवळलं, फोन आणि कव्हर यांच्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही. दादा वर गेला, वहिनीच्या हातात फोन ठेवला, दोन पावलं मागे सरला, मान तिरकी... ‘बसलं की नाही?’

वहिनीने फोन उलटसुलट करून बघितला. त्याच्या कपाळावरचा घाम बघितला. आणि म्हणाली, ‘बसलं.’ मी सांगतो ना, संसार टिकतात ते या अशा उत्तरांवर. आणि कव्हरं टिकतात तीही!

आता त्या फोनचे गुण ऐका. फोटो काढला की तिन्ही बाजूंनी तपकिरी कड, जणू आपण बिळातून जग बघतोय. टॉर्च लावला की कव्हरच आतून लालसर पेटायचं. आणि आवाज कमी करायचं बटण आतून कायमचं दाबलेलं! म्हणजे आपण आवाज वाढवला की फोन जरा वेळाने आपला आपण गप्प. वहिनी म्हणाली, ‘अहो, हा वाजतच नाही.’ दादा म्हणाला, ‘अगं, चांगला फोन शांतच असतो.’ काढून बघू म्हटलं तर निघेना! सुरीचं टोक घालायलाही जागा नाही. ‘बघ,’ दादा मला म्हणाला, ‘याला म्हणतात बसणं!’

शुक्रवार उजाडला. फोन वाजणार नाही हे माहीत असल्यामुळे वहिनी जेवण झाल्यापासून तो तळहातावर घेऊन बसली. नुसती बघत. डोळे मिटले तर फोन चुकेल म्हणून डोळे मिटेना, पाणी प्यायला उठेना. मी दुकान सोडून वर आलेलो, दादाही आलेला. आणि फोन उजळला! वहिनीने उचलला, स्पीकर लावला, कागद समोर धरला, आणि वाचायला लागली. काय गोड वाचलं हो! आम्ही दोघं दाराशी उभे, माझ्या अंगावर काटा.

आणि पलीकडून बाई, ‘हॅलो? हॅलो? अहो, तुम्ही विहिरीतून बोलताय का?’

वहिनीने फोन तोंडाजवळ घेतला. ‘नाही हो, घरातूनच.’

‘काय? उशी काढा तोंडावरची!’

वहिनी मोठ्याने वाचायला लागली. मग आणखी मोठ्याने. मग ओरडून. शेजारच्या खिडक्या उघडल्या! सगळ्या आळीला ऐकू गेलं, फक्त बाईंना नाही, कारण ते जे बोलायचं भोक, ते त्या तपकिरी कव्हराच्या पोटाखाली गाडलेलं! शेवटी बाई संकोचून म्हणाल्या, ‘वयानुसार आवाज बसतो कधीकधी. वाईट वाटून घेऊ नका. बघते, कळवते.’

आवाज बसतो!

वहिनीने फोन खाली ठेवला. कागदाची घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली, स्वच्छ असलेली भांडी. मला वाटलं दादा आता ‘नेटवर्क’ म्हणणार. तोंड उघडलंही होतं त्याने. पण ते नळाचं पाणी वाहत होतं ना एकसारखं, ते ऐकून त्याने तोंड मिटलं. फोन उचलला आणि खाली दुकानात गेला. मी मागोमाग.

तुम्हाला सांगतो, माझा भाऊ आपल्या हाताने बसवलेली गोष्ट आपल्या हाताने काढताना मी जन्मात पहिल्यांदा बघितला. बारीक करवत घेतली. फोनला ओरखडा नको म्हणून श्वास रोखून, कडेकडेने, कव्हर कापलं. तुकडे झाले त्याचे. मग स्वतःच्या फोनवरून त्याने बाईंना फोन लावला. ‘मी त्यांचा नवरा बोलतोय. आवाज बसलेला नाही. कव्हर बसलेलं होतं.’ पलीकडून, ‘काय बसलं होतं?’ मग दादाने सगळं सांगितलं. वाळू, चाक, बटणं, किंचित म्हणजे किती... आणि शेवटी, इकडे तिकडे बघून, हळूच, ‘चूक माझी आहे. तिचा आवाज एकदा नीट ऐका. तो गप्प झाला तर आमच्या घरात काही उरत नाही.’ मी चष्म्याच्या केसेस पुसायला घेतल्या. दुसरं काय करणार!

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘त्यांना पुन्हा फोन करायला सांगा.’

दादा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला आणि उघडावाघडा निळा फोन वहिनीच्या पुढे धरला. ‘लाव बाईंना. बोल.’ वहिनीचे हात ओले, कागद कुठे गेला पत्ता नाही. तिने दादाकडे बघितलं. आणि फोन लागल्यावर, बाईंचं ‘हॅलो’ ऐकल्यावर, दादाच्या डोळ्यात डोळे घालून जी सुरू झाली...

‘अरे, मावत नाहीस तिथे शिरतोस कशाला? एवढा समुद्र कमी पडला का तुला? किती वेळा सांगितलं, दिसायला सारखं असलं म्हणजे आपल्या मापाचं नसतं!’

हे शेवटचं वाक्य गोष्टीत नव्हतंच! पण काय आवाज होता तो! स्टँडवरच्या चारी फलाटांवर घुमायचा, तो! दादा भिंतीला टेकून उभा, देवमाशाच्या पिल्लासारखा. संपलं एकदाचं. आणि मग बाई म्हणाल्या, ‘अहो, हा राग कुठून आणलात?’

वहिनी म्हणाली, ‘घरचाच आहे.’

मिळालं! काम मिळालं! आता ती आठवड्यातून दोनदा रेकॉर्डिंगला जाते, कधी देवमाशाची आई असते, कधी राणी, कधी वाघीण. घरीही बोलते, भरपूर बोलते, न्हाणीघराच्या दाराबद्दल तर दादा ऐकूनच घेतो. मापाचं कव्हरही तिने स्वतःच आणलं, समोरच्या मोबाइलवाल्याकडून.

तुम्हाला वाटेल दादा सुधारला. छे! दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, ‘करवत लागली म्हणजे बघ, बसलं किती पक्कं होतं!’ आणि आता गिऱ्हाईकही येतं हो त्याच्याकडे, जुनी कव्हरं घेऊन! नंबर काढायला आलेला माणूस नंबर राहू द्या म्हणतो आणि खिशातून कव्हर काढतो. वाळू तापलेलीच असते, चाक फिरतच असतं. कितीजण दुसऱ्या दिवशी फोन दाखवायला परत येतात, ‘हॅलो-हॅलो’ करत, आणि दादा मान तिरकी करून विचारतो, ‘बसलं की नाही?’

मी? मी काय बोलणार, गल्ल्यावर बसलेला माणूस! मागच्या महिन्यात मीही नवा फोन घेतला. दादाला सांगितलेलं नाही. कंपनीने दिलेल्या खोक्यातच ठेवतो, खोक्यासकट खिशात घालतो, आणि फोन आला की झाकण उघडून बोलतो. लोक हसतात, हसू देत. निदान खोकं तरी त्याच्या मापाचं आहे!