कमरेची चटई

नुकुआलोफाच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत व्हिकाच्या पुढे आत्या-भाचे उभे होते. भाचा स्वतःच्या लग्नासाठी ऑकलंडहून आला होता, पण त्याची बॅग काही विमानातून उतरली नव्हती.

"आत्या, या मळक्या शर्टात सासऱ्यापुढे कसा जाऊ?"

"वरून चटई बांध आणि जा."

"तीही बॅगेतच राहिली."

"शाबास. कमरेची चटई कुणी बॅगेत घालतं?"

"विमानात टोचते गं."

"आपण ती का बांधतो, ठाऊक आहे?"

"मान द्यायला."

"म्हातारे सांगायचे, तुफानातून खलाशी किनाऱ्याला लागले. अंगावर धड चिंधी नाही, आणि जायचं राजाकडे. मग त्यांनी होडीचं शीड कापून कमरेला गुंडाळलं. तेव्हा शिडं चटईचीच असायची. तसेच आले नाहीत, म्हणून राजा खूश झाला. तेव्हापासून लग्न असो, मयत असो, चटई हवीच."

"मग मी आता बोटीचं शीड कापू?"

"इंजिनाच्या बोटीला कुठलं शीड? हात वर कर."

आत्याने आपल्याच कमरेची चटई सोडून त्याला गुंडाळली. व्हिकाने न सांगता मागून टोक धरलं.

"हिला तर भोकं पडलीत."

"तुझ्या आजोबांच्या लग्नातली आहे. नवी चटई बाजारात मिळते, भोकं मिळत नाहीत."

"आणि तू चटईशिवाय येणार?"

"मी नवरदेवाची आत्या आहे, आपल्यात आत्याचा मान बापाहून मोठा. तुझा बाप माझ्यापुढे तोंड उघडत नाही, तिथे सासरा काय उघडणार? चटई कुठे म्हणून विचारलंच कुणी, तर म्हणेन, अंथर, बसते."