सोफ्यावरून स्टेजपर्यंत

बसंतीबाई : अगं, बोलू नकोस मध्ये. ऐकू दे. … गेलं. ढोल तेवढा ऐकू आला.

दैवशाला : म्या कुठं बोलले? त्यो पाया पडणारा बोलला. “दादीजी, ओळखलं का” म्हणून.

बसंतीबाई : सगळे तेच विचारतात. घुंगट हातभर पुढं. मला दिसतात फक्त बूट. बुटावरून माणूस कसा ओळखू? … सुखी राहा, बेटा, सुखी राहा. जेवून जा हं. … हा कोण होता?

दैवशाला : कॅटरिंगवाला. टेबल सरकवाया वाकल्ता.

बसंतीबाई : असू दे. त्याला पण लागू होतो आशीर्वाद.

दैवशाला : बाईजी, घुंगट तरी वर घ्या की. नातवाचं रिसेप्शन हाय. तुमच्या सुना उघड्या डोक्यानं नाचून राह्यल्या, अन् तुमी सत्तरीच्या होऊन अशा गुडूप.

बसंतीबाई : समोरच्या सोफ्यावर कोण बसलंय?

दैवशाला : हीरालाल शेठजी.

बसंतीबाई : माझे जेठ. आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांना तोंड दाखवलं नाही, त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. नव्या सुनांना त्यांनी सूट दिली. मला द्यायची राहून गेली. आता ते नव्वदीला टेकले. या वयात एकदम तोंड दाखवलं, अन् त्यांना काही झालं म्हणजे?

दैवशाला : मंग बसा. हितनं बी येतंच की ऐकू.

बसंतीबाई : काय येतं? मध्ये चाटचे ठेले, आईस्क्रीमवाले, शंभर पोरं. दैवशाला, किती दिवस वाट पाहिली मी या पोरांची! मिस्टी पिंपळ! पुण्याचा बँड. गिटार, व्हायोलिन, बॅगपाइप. तिकडं आयर्लंड-स्कॉटलंडला डोंगरात वाजवतात तसल्या चाली, अन् त्याला रॉकचा तडका. केल्टिक रॉक म्हणतात त्याला.

दैवशाला : मला नका सांगू. गुडघ्याच्या आपरेशनानंतर रोज तुमचा पाय कोण वाकवत व्हतं?

बसंतीबाई : तूच. कसाई आहेस तू.

दैवशाला : तुमी अशा वरडायच्या की शेजारचे गेटात येऊन उभे ऱ्हायचे. तुमच्या नातीनं, पलकताईनं, तुमच्या कानात ती बोंडकं घातली, हाच बँड लावला, तवा तुमी गप झाल्या. अन् बोंडकातनं भाईर सांडायचं त्ये ऐकून ऐकून मलाच पाठ झालं.

बसंतीबाई : मग तुला माहीत आहे मी कशासाठी तळमळतेय.

दैवशाला : त्ये बंदरावरचं.

बसंतीबाई : ‘बंदरावरचा दिवा’. शेवटाला वाजवतात. पलक म्हणते, दादी, स्टेजसमोर उभं राहिलं की ते कानानं नाही, बरगडीनं ऐकू येतं. मला एकदा बरगडीनं ऐकायचंय गं. अर्पितला म्हटलं होतं, मला नवा शालू नको, काही नको, तुझ्या लग्नात हा बँड आण. आणला पोरानं जालन्याला. अन् मला बसवलं इथं, लोणच्याची बरणी झाकून ठेवावी तसं.

दैवशाला : मंग उठा अन् जा.

बसंतीबाई : अन् पाया पडणारे? मागच्या लग्नात मी जरा बाथरूमला गेले, तेवढ्यात बद्रीनाथजी व्याही येऊन गेले. सोफा रिकामा दिसला. अजून दिवाळीला मिठाई पाठवत नाहीत.

दैवशाला : लई नाजूक लोक हायती तुमच्यात.

बसंतीबाई : अर्पितची सासरकडची मंडळी आत्ता कुठं यायला लागली. पहिल्याच दिवशी रुसवा नको. पोरीला आयुष्य काढायचंय या घरात.

दैवशाला : पर बाईजी, एक सांगा. तुमी बूट बघून त्यांना वळकत न्हाई. मंग ते काय बघून वळकून राह्यले तुमाला? तोंड तर आत.

बसंतीबाई : ओढणा बघून. लाल ओढणा, मोठ्या सोफ्यावर… दैवशाला.

दैवशाला : न्हाई.

बसंतीबाई : ऐक तर.

दैवशाला : बिलकुल न्हाई. बाईजी, म्या वाटूरची. आमच्यात समोरून कुणी आलं तर ‘जय भीम’ म्हणत्यात. तुमचे शेठ लोक पायावर डोकं टेकवू लागले, अन् माझ्या तोंडातून त्येच निघालं म्हंजी?

बसंतीबाई : निघालं तर निघालं. एवढ्या आवाजात कुणाला कळतंय? फक्त हात वर कर अन् ‘सुखी राहा’ म्हण. मी फोन चालू ठेवते. कोण आलं ते मला सांग, मी तुला सांगते काय म्हणायचं. उठ. पाणी प्यायला निघाल्यासारखं कर. जल्दी!

(नवरीच्या खोलीत लाल ओढण्याची आणि साध्या पदराची अदलाबदल होते. यापुढचं बोलणं मोबाईलवर.)

बसंतीबाई : हॅलो. बसलीस का?

दैवशाला : बसले. बाईजी, लई मऊ हाय हो ह्यो सोफा. तुमी हितं बसून रडून राह्यल्त्या?

बसंतीबाई : जेठजी काय करतायत?

दैवशाला : खाली बघून बसलेत. कुणीतरी आलं बाईजी. पांढरी पँट, लाल मोजे.

बसंतीबाई : लाल मोजे म्हणजे सोमेश्वर. कपड्याच्या दुकानवाला. माझ्या नणंदेचा मुलगा.

दैवशाला : ह्यो व्हय! उन्हाळ्यात म्या ह्याच्या दुकानाच्या पायरीवर जरा सावलीला टेकल्ते, तर ह्यानं मला उठवल्तं.

बसंतीबाई : आत्ता काय करतोय?

दैवशाला : दोनी हातानं पाय धरलेत. सोडंना.

बसंतीबाई : मग आशीर्वाद दे, बघत काय बसलीस?

दैवशाला : सुखी राहा, बेटा. अन् पायरीवर कुणी टेकलं तर उठवू नको. पाणी इचार.

बसंतीबाई : दैवशाला!

दैवशाला : “जी, मामीजी” म्हणला. डोळे पुसत गेला की हो.

बसंतीबाई : त्याची आई असंच बोलायची, म्हणून असेल. … अगं बाई!

दैवशाला : काय झालं? पडल्या का?

बसंतीबाई : माझ्या हातात खरकटी प्लेट दिली. मयंकनं! सख्खा नातू माझा. “मावशी, ही घे” म्हणाला अन् गेला. तोंडाकडं पाहिलं पण नाही.

दैवशाला : तुमच्या डोक्यावर माझा पदर हाय न्हवं, मंग कशाला बघंल? टेबलाखाली टब असंल, त्यात टाका. दुसऱ्याच्या हातात देऊ नका, वरडत्यात.

बसंतीबाई : टाकली. … दैवशाला, घरी पण असंच करतो का तो?

दैवशाला : आज गाणं ऐका, बाईजी. त्ये उद्या बघू.

बसंतीबाई : उद्या बघतेच मी त्याला. … थांब, पलक दिसली. पलक, ए पलक! मी आहे! … किंचाळली पोरगी. हात धरून ओढतेय मला. दैवशाला, मी पुढं आले! बिलकुल पुढं! दोरीला पोट लागलंय माझं.

दैवशाला : काय दिसून राह्यलं?

बसंतीबाई : व्हायोलिनवाली एवढीशी आहे, पण हात काय चालतोय तिचा. अन् तो बॅगपाइपवाला. काखेत पिशवी, दाढी छातीपर्यंत, अन् खाली चौकड्यांचा घागरा.

दैवशाला : बाप्या माणूस घागरा घालून स्टेजवर, अन् तुमी बाईमाणूस घुंगटात. काय म्हणावं याला?

बसंतीबाई : तिकडची रीत आहे ती. आपली ही. … आई गं, सुरू झालं! जोरातलं! आता मला ऐकू येणार नाही तुझं!

दैवशाला : अवो, पर हिरव्या सँडलवाली आलीय! संगं पाच-सहा जोड बूट हायती! काय म्हणू? … बाईजी? … सुखी राहा. सुखी राहा. तू बी राहा. नवरीकडच्या का? बसा. पोरगी आमच्याकडं सुखात राहील, काळजी करू नका. न्हाई राह्यली तर मला सांगा, म्या हाय.

बसंतीबाई : काय म्हणालीस? ऐकू नाही आलं. मी नाचतेय!

दैवशाला : गुडघा, बाईजी!

बसंतीबाई : वाकतोय! तुझ्या कृपेनं वाकतोय! पलक व्हिडिओ काढतेय. तिला म्हटलं, कुणाला दाखवलास तर बघ.

दैवशाला : नवरीची आई माझा हात धरून गेली बगा. “तुमच्यासारखी दादीसास मिळाली” म्हणली. आता पुढचं तुमाला निभवावं लागंल.

बसंतीबाई : निभवीन. … थांबले सगळे. पाणी पितायत. पलक म्हणते, आता तेच. दैवशाला, आता तेच आहे.

दैवशाला : बाईजी.

बसंतीबाई : दिवे कमी केले. नुसता निळा ठेवला.

दैवशाला : बाईजी, शेठजी उठले.

बसंतीबाई : कोण शेठजी?

दैवशाला : तुमचे जेठ. काठी घेतली. हिकडंच येऊन राह्यले.

बसंतीबाई : इकडं? सोफ्याकडं? कसं शक्य आहे, ते माझ्या दहा हाताच्या आत कधी आलेले नाहीत.

दैवशाला : आता दोन हातावर हायती. फोन घरंगळला माझा, त्याचा स्पीकर चालू झाला वाटतं. म्या काय करू?

बसंतीबाई : हलू नकोस. येते मी. … पलक, सोड हात. बेटा, सोड, जावं लागेल. वाजू दे, त्यांना वाजवू दे. आपलं नशीब.

हीरालाल : इथं कुणी ऐकत असेल, तर एक गोष्ट सांगायची होती.

दैवशाला : बाईजी, त्ये कुंडीतल्या झाडाकडं तोंड करून बोलून राह्यले.

बसंतीबाई : तशीच रीत आहे. माझ्याशी बोलायचं तर ते भिंतीशी बोलतात.

हीरालाल : सोफ्यावर ज्या बाई बसल्या आहेत, त्या आमच्या घरच्या नाहीत.

दैवशाला : मेले.

हीरालाल : घाबरायचं कारण नाही. उभा जन्म मी आमच्या घरच्या बाईंसमोर नजर खाली ठेवली. नजर खाली ठेवली की माणसाला पाय दिसतात. एवढे लोक येऊन वाकून गेले, कुणाला कळलं नाही. मला तिथून कळलं. हे पाय त्यांचे नाहीत. त्या कुठं आहेत?

दैवशाला : शेठजी, चूक माझी हाय. म्याच म्हणलं त्यांना. गाणं ऐकाया गेल्यात.

हीरालाल : हे आत्ता सुरू झालं, ते?

दैवशाला : व्हय.

हीरालाल : मला वाटलं जनरेटर बिघडला.

बसंतीबाई : दैवशाला, त्यांना सांग, मी निघाले आहे. चाटच्या ठेल्यापर्यंत आले. माफी मागते म्हणावं.

हीरालाल : त्यांना सांगा, माघारी फिरा. यायचं काम नाही.

दैवशाला : बाईजी, शेठजी म्हणून राह्यले…

बसंतीबाई : ऐकलं मी. त्यांना विचार, पाया पडायला येणाऱ्यांचं काय करायचं?

दैवशाला : शेठजी, बाईजी इचारून राह्यल्या…

हीरालाल : सांगा, मी इथंच बसतो, याच सोफ्यावर. येईल त्याला म्हणेन, दोघांचा आशीर्वाद एकाच जागी मिळेल, त्यांना त्रास देऊ नका. माझ्यापुढं जालन्यात कोण बोलतंय?

दैवशाला : अवो, तुमी दोगं बी एकमेकांचं बराबर ऐकून राह्यलात की. मधी मला कशाला?

हीरालाल : तुम्ही राहा मध्ये. सवय नाही आम्हाला.

बसंतीबाई : त्यांना विचार, ते रागावले का?

हीरालाल : सांगा, रागावलो नाही. … या घरात पूर्वी एक बाई गायच्या. चुलीपाशी, धान्य निवडताना, शिवताना. मी अंगणात पाय टाकायच्या आधी खाकरायचो. घरात मोठा माणूस येतोय, डोक्यावर घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण मी खाकरलो की आतलं गाणं थांबायचं. एकही पूर्ण ऐकलं नाही मी. पुढं पुढं खाकरायची गरज पडेना. आत गाणंच नसायचं.

दैवशाला : बाईजी? … हाय का तिकडं?

बसंतीबाई : आहे.

दैवशाला : रडून राह्यल्या का?

बसंतीबाई : गप. मी परत फिरले. पळतेय. … बाजूला व्हा बेटा, जाऊ द्या. ए मयंक, सरक! हो, मीच आहे, तुझी दादी! तोंड मिट अन् सरक!

दैवशाला : पोचल्या?

बसंतीबाई : पोचले. दोरीपाशी. दैवशाला, पलक खरं बोलत होती गं. इथं वाजतंय. बरगडीत. दातातसुद्धा.

हीरालाल : त्यांना सांगा, जमलं तर फोन जरा वर धरा. इथं नीट येत नाही.

बसंतीबाई : धरला. त्यांना विचार, येतंय का?

हीरालाल : येतंय. … चांगलं आहे. उदास आहे, पण चांगलं आहे.

दैवशाला : बसा शेठजी, अजून हिकडं सरका. जागा हाय. … सुखी राहा, बेटा. हां, दोगांचा हाय आशीर्वाद. जा, जेव जा.

हीरालाल : त्यांना एक विचारा. तो वाजवणारा दम कधी घेतो? मघापासून ऐकतोय. सूर कुठं तुटलाच नाही.

दैवशाला : बाईजी, शेठजी इचारून राह्यले की…

बसंतीबाई : थांब, दैवशाला. … तो दम आधीच पिशवीत भरून ठेवतो, जी. मग काखेत दाबून हळूहळू सोडतो.

हीरालाल : असं. … मग वाजवू द्या. घाई नाही कुणाला.