हाडातले गवंडी

“वडील गोळ्या घेतात का, ते स्वतः बघत चला,” असं माझ्या बाबांच्या किडनीचे डॉक्टर मला म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेलं. आज माझ्या बाळाच्या एक्स-रेसाठी रांगेत बसले होते. शेजारी मनगट मोडलेले एक म्हातारे गवंडी आणि त्यांची लेक.

“बाबा, सोड्याच्या गोळ्या खिशातच?”

“बिघडलीय किडनी. हाडांना सोडा कशाला?”

“किडनीमुळे रक्तात आम्ल साठतं. मग हाड पोखरणाऱ्या पेशी जोरात आणि बांधणाऱ्या थंड.”

“म्हणजे गवंडी हातावर हात ठेवून बसलेत, अन् घणवाले मोकाट?”

“तेच सांगतेय! सोड्यानं ते आम्ल उतरतं.”

“माझ्या साइटवर? आण पाणी! चाळीस वर्षांत एका गवंड्याला बसू दिलं नाही मी.”

मी आज घरी जाऊन बाबांचा खिसा बघणार आहे; तुम्हीही तुमच्या बाबांचा एकदा बघाच.