गोऱ्हा पाह्याले गेलतो

...नाही, मी म्हणतो, दारात पाय ठेवल्याबरोबर कोणी पाहुण्याले विचारते का जी, ‘काय काम काढलं, पाव्हणं?’ बाप्पा! अजून जोडा पायातून निंगाला नाही, पाण्याचा घोट घशाखाली उतरला नाही, अन् ‘काय काम काढलं?’ तुमाले सांगतो, हा वामनराव देशावरचा माणूस, साताऱ्याकडून येऊन आमच्या घाटंजीजवळ शेती करून राह्यला. महाराष्ट्र झाला, सारे एक झालो, कबूल! पण बोलाची रीत काय सरकारच्या हुकमानं एक होते काय?

काम त होतं. त्याची पोरगी विमल माह्या उत्तमसाठी मांगाची होती. पोट्टा झुरून राह्यला होता तिच्यासाठी... त्यानं सांगतलं नाही, पण भाकर कमी झाली, मायले समजलं. हे का बोलून दाखवाची गोष्ट हाय? आमच्याकडं पोराचा बाप पहिल्यांदा जाते त म्हणते, ‘गोऱ्हा पाह्याले आलो.’ पोरीचा बाप समजून जाते, पोरीच्याच हातानं चहा येते, अन् सोयरीक कराची नसन त म्हणते, ‘गोऱ्हा इकाचा नाही जी.’ कोणाचं मन मोडत नाही, कोणाची इज्जत जात नाही!

म्हणून मी म्हटलं, ‘गोऱ्हा पाह्याले आलो.’ त हा उठलाच! ‘चला गोठ्यात!’ म्हटलं थांबा, बसू, घरी कोण कोण हाय तुमच्या... ‘घरचं राहू द्या, दात बघा!’ मी दात पाहून राह्यलो अन् डोये घराकडं. भाव एकच सांगतला, अन् आता नाही कसं म्हणाचं? दावं माह्या हातात! सून आणाले गेलतो, गोऱ्हा घेऊन आलो! उत्तमची माय दारातच, ‘अवो, हे काय आणलं?’

मंग तीच म्हणे, ‘त्याच्यासारखं एका झटक्यात बोला.’ गेलो पुन्हा. डोये मिटले अन् बोललो, ‘तुमची विमल आमच्या उत्तमले द्या!’ माह्या स्वतःच्या लग्नात एवढा घाम नव्हता फुटला जी! त हा म्हणते, ‘विचार करून सांगतो.’

झालं! आता याचा अर्थ लहान लेकराले समजते. नाही म्हणजे नाही! मले त उलटं बरंच वाटलं, म्हटलं, पाहा, माणूस आपली रीत शिकला. ढाणकी गावची दुसरी पोरगी पाह्यली. उत्तमले विचारलं, ‘चालते ना?’ तो म्हणे, ‘तुमची मर्जी.’ म्हटलं खुश हाय पोट्टा. फोडली सुपारी!

अन् तिसऱ्या हप्त्यात वामनराव दारात. ‘विचार केला. आमचा होकार आहे.’

तो खराच विचार करून राह्यला होता जी! एकवीस दिवस!

आता त्याले कसं सांगू, का सुपारी फुटली? हे का बोलून दाखवाची गोष्ट हाय? म्हटलं, ‘तुमचा गोऱ्हा पाहता काय? चांगला भरला...’ त्यानं गोऱ्ह्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. ‘म्हणजे नाही?’ म्हणे. अन् चालला गेला. चहा नाही, पाणी नाही!

लय वाईट वाटलं, खोटं कायले बोलू? अन् आमचा उत्तम... तवापासून माह्याशी बोलत नाही. दिवसभर गोठ्यात बसून राह्यते. काल म्हटलं, ‘काहून रे, काय झालं?’

त म्हणते, ‘काही नाही, बाबा. गोऱ्हा पाहून राह्यलो.’