पायरी चढणार नाही

"रांगेत उभी राहिलीस तर नाम घे, दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नकोस," असं सासूबाई सांगायच्या. चहा आणि गोडाच्या नव्या कॅफेपुढे मी नाम घेतच होते, पण पुढचं नवरा-बायकोचं जोडपं काही हळू बोलेना.

"अगं, चल आत. आपल्या लेकीचं दुकान आहे."

"बँकेतली नोकरी सोडून चहा विकतेय! तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं तोंडावर सांगितलंय मी तिला."

"मग रांगेत कशाला उभी आहेस?"

"तुम्हाला गोड बंद आहे. लक्ष कोण ठेवणार?"

"बाहेरून?"

"काचेतून दिसतं सगळं. अहो, किती वाळलीय हो ती!"

"मग आत जाऊन विचार तिला, जेवतेस का म्हणून."

"शब्द म्हणजे शब्द."

"बरं. पण पायरी आहे कुठे?"

"अगंबाई! गेल्या आठवड्यात चांगल्या दोन होत्या."

"म्हणजे येऊन गेलीस!"

"रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

"परवा तिनं गवंडी बोलावून फोडल्या त्या, उतार करून घेतला. म्हणाली, आई काही शब्द मोडायची नाही."

बाईंनी पदर खोचला.

"हात द्या. उताराची सवय नाही मला."

आणि दिलेला शब्द पाळत त्या हळूहळू उतार चढू लागल्या.