काकी मोजत होत्या

(रत्नागिरीतल्या एका दवाखान्याची खोली. खाटेवर गोदा : डोळे उघडे, अंग निश्चल, डोक्याला तारांची टोपी. कॉम्प्युटरपाशी डॉक्टर सानिका, गोदाचा नवरा आप्पा आणि मुलगा रितेश.)

रितेश : म्हणजे तिला ऐकू येतं, एवढंच ना? दार आपटलं की डोळे मिटते, त्यावरूनही ते कळतं, डॉक्टर.

सानिका : ऐकू येणं वेगळं, लक्ष देणं वेगळं. सारखी एकच टकटक लावली होती. त्यात मधूनच, कधी येईल ते न कळणारी एक घंटी, नाहीतर शिट्टी. पहिल्या खेपेला काकींना काहीच सांगितलं नाही. ही बघा त्यांच्या मेंदूची रेघ.

आप्पा : सपाटच हाय.

सानिका : जवळजवळ. घंटीला जराशी हलते, शिट्टीलाही तेवढीच.

आप्पा : मगे?

सानिका : मग कानाशी जाऊन सांगितलं, काकी, फक्त घंट्या मोजा. आवाज तेच, तेवढेच मोठे. आणि प्रत्येक घंटीनंतर, सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो न जातो तोच...

आप्पा : डोंगरच उभा राहिला की!

रितेश : घंटी कानाला खुपत असेल, मेंदू आपोआप दचकत असेल. मला खोटी आशा नकोय. स्कूटरवरून पडली त्याला चार महिने झाले. आप्पा रोज तिला कलमांच्या मोहोराचं सांगतात, आणि ती आपली छताकडे बघत पडलेली.

सानिका : मलाही तीच शंका आली. म्हणून तिसऱ्या खेपेला उलटं केलं. म्हटलं, आता शिट्ट्या मोजा, घंटी सोडून द्या. ही घंटी. बघा.

रितेश : ...खाली बसली.

सानिका : आणि ही शिट्टी.

आप्पा : अगो बाय!

सानिका : पुन्हा दोनदा करून बघितलं. सांगावं ते मोजतायत. बारा वर्षं हे काम करतेय मी, पण आज अंगावर काटा आला. बोट हलवता येत नाही, पण कुठल्या आवाजाला कान द्यायचा, ते काकी स्वतः ठरवतायत.

रितेश : म्हणजे आई आत आहे?

सानिका : आहेत. बऱ्या होतील का, कधी, ते यावरून नाही सांगता यायचं. पण आज त्यांनी माझं बोलणं समजून घेतलं, आणि तसं केलं.

रितेश : मागच्या रविवारी याच खाटेला टेकून मी आप्पांशी भांडलो, डॉक्टर. म्हटलं, तिला ठाण्याला, अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू, तिला काय कळतंय.

आप्पा : म्हणालास खरा.

रितेश : ऐकलं असेल तिनं?

सानिका : ते मला नाही सांगता येणार.

आप्पा : ऐकलं तर ऐकलं. आई हाय ती. जा, जवळ जा.

रितेश : आई... मी रितेश. कुठं नाही नेत तुला. ऐकतेस ना गो?

सानिका : परत लावू का यंत्र? बघू या?

आप्पा : नको, डॉक्टरीणबाई. इतकं मोजून दमली असेल. जरा विसावू दे तिला.